दुसऱ्या भेटीचे काय? गावचे आरोग्य केंद्र आणि आयुष्यभर चालणारे आजार

शेतवाट:

माझ्या आईचा रक्तदाब वाढलेला असल्याचे २०१९ साली आमच्या गावच्या उपकेंद्रात भरलेल्या तपासणी शिबिरात कळले. आरोग्यसेविकेने त्या दिवशी तीन वेळा दाब मोजला, आईला समजेल अशा भाषेत सगळे सांगितले आणि तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. हे केंद्र आमच्या वस्तीपासून अकरा किलोमीटरवर आहे. तिथल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि संपल्या की परत यायला सांगितले. आई दोनदा गेली. तिसऱ्या वेळी गोळ्या शिल्लक नव्हत्या, म्हणून मेडिकलमधून घ्या असे तिला सांगण्यात आले. वडापचे जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेला अर्ध्या दिवसाचा रोजगार आणि वर विकतची गोळी, हे सारे साधे डोकेही दुखत नसताना कशासाठी सोसायचे, असा तिचा हिशेब होता, आणि तिच्या जागी तो चुकीचा नव्हता. तिने गोळी सोडली. पुढचे चौदा महिने तिला कोणीही काही विचारले नाही. मीही विचारले नाही, कारण मी नोकरीच्या गावी होते आणि उपचार चालू आहेत असे धरून चालले होते. मग एका पहाटे तिची उजवी बाजू गेली.

त्यानंतर खासगी रुग्णालयात जो खर्च झाला त्याविषयी मला इथे लिहायचे नाही. मला लिहायचे आहे ते त्या चौदा महिन्यांविषयी. शिबिर घेणारी आरोग्यसेविका, गोळी लिहून देणारे डॉक्टर, साठा संपल्याचे सांगणारे औषध निर्माण अधिकारी, या प्रत्येकाने आपल्यापुरते काम केले होते. पहिली भेट पार पडली. दुसरी, पाचवी, पन्नासावी भेट व्हावी ही मात्र कोणाचीच जबाबदारी नव्हती.

देशाच्या आरोग्य सेवेची आखणी करण्यासाठी नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हाच पैसे मोजण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व त्यात मांडले होते. १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, १९७८ साली अल्मा-आटा येथे जगातील देशांनी प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा स्वीकारला आणि २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी आशा स्वयंसेविका आणल्या. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात अनुक्रमे तीन हजार आणि वीस हजारांना, हा निकष आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. या रचनेने बाळ-बाळंतिणींसाठी जे केले ते मी कमी लेखत नाही. २०१८ ते २० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत असताना महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता, आणि २०२० साली देशाचा अर्भक मृत्युदर हजारी २८ असताना आपला १६ होता.

पण आता गावातील आजार बदलले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील पंधरा वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ते त्यासाठी औषध घेत आहेत. हे लोक महिन्याला एकदा, आणि तेही आयुष्यभर, केंद्रात येणे अपेक्षित आहे. ते यावेत म्हणून व्यवस्थेत नेमके काय बदलावे लागेल, हे या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावे.


सातपुडा:

मी शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर बंधपत्राचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचे, एक वर्ष एका आदिवासी तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले. आपण लिहिलेले चौदा महिने मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली अडचण माझीच होती. लोकांची भाषा कळायला मला चार महिने लागले, कोणत्या पाड्यावरचा माणूस पावसाळ्यात येऊच शकत नाही हे कळायला पूर्ण पावसाळा जावा लागला, आणि लोक मला नावाने ओळखू लागले तेव्हा माझे वर्ष संपत आले होते. माझ्या जागी आलेल्या डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बंधपत्रामुळे पद भरलेले दिसते, ही सोय मी नाकारत नाही. परंतु मुलगी कोणत्या शाळेत घालायची, घराचे छप्पर गळते का, पाच वर्षांनी आपल्याला पदव्युत्तर शिक्षणाची संधी मिळेल का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय डॉक्टर तिथे राहणार नाही आणि डॉक्टर राहिल्याशिवाय दुसरी भेट होणार नाही.

राहिल्याने काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे हृदय निकामी होऊन मरत असत. ते रात्ररात्र रुग्णाच्या खाटेजवळ बसून नोंदी करत राहिले, पुढे त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जिथे दहातले जवळपास चार जण दगावत होते तिथे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. एकाच भागात वर्षानुवर्षे तोच आजार पाहिल्याशिवाय हे काम झाले नसते.

दुसरी अडचण रचनेची आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. आपल्याकडे उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात, तर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या. मी संदर्भ चिठ्ठी देऊन रुग्ण वर पाठवत असे. त्याचे पुढे काय झाले, कोणते औषध सुरू झाले, कोणते बंद केले, हे सांगणारा कागद वर्षभरात माझ्याकडे बोटांवर मोजण्याइतक्या वेळा परत आला. रुग्ण घरी येतो, पिशवीतल्या गोळ्या संपतात, आणि खालच्या केंद्राला तो रुग्ण आपल्या हद्दीत परतला आहे हेच ठाऊक नसते. वरून खाली येणारी चिठ्ठी सक्तीची करायला नवी इमारत लागत नाही. दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोलावे लागते.


गटप्रवर्तक_विदर्भ:

शेतवाट यांच्या आईंबद्दल वाचून फार वाईट वाटले. मी वीसेक आशांच्या कामावर देखरेख करते, त्यामुळे माझे म्हणणे थोडे वेगळे आहे.

परत न येणाऱ्याला शोधून काढणे आमच्या व्यवस्थेला जमत नाही, असे नाही. लेकराचा एक डोस चुकला की त्याचे नाव ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे डोस द्यायचा राहिलेल्यांच्या यादीत, येते, आशा घरी जाते, आई माहेरी गेली असेल तर माहेरच्या गावच्या आशेला फोन करते. गरोदर बाई तपासणीला आली नाही तरी हेच होते. क्षयरोगाचा रुग्ण औषध सोडून बसला तर त्याच्या दाराशी कोणीतरी जातेच. म्हणजे मागे लागून काम पूर्ण करण्याची रीत आमच्या अंगवळणी पडलेली आहे. ती रक्तदाब आणि साखरेच्या रुग्णांना अजून तितक्याच नेटाने लावलेली नाही.

ही रीत आली कुठून, तेही सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे सगळे त्या घरी जाऊन करत. तीन वर्षांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या घरात आला आणि १९९९ मध्ये तो अभ्यास जगापुढे गेला. २०११ पासून सरकारने देशभर आशांना हे काम दिले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. बघा, यात दुसऱ्या भेटीचा दिवस आधीच ठरलेला आहे. बाळाच्या आईने यायचे नाही, आशेने जायचे आहे. आणि त्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये मिळतात.

या २५० रुपयांकडे मला लक्ष वेधायचे आहे. आशांना कामाप्रमाणे मोबदला मिळतो, म्हणून ज्या कामाला रक्कम लागली आहे ते रजिस्टरमध्ये चढते. शेतवाट यांच्या आईंच्या घरी सहज डोकावून गोळी चालू आहे का विचारणे, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, त्याचा आम्हांला अभिमान आहे. पुढच्याच वर्षी आपल्या राज्यातील आशा आणि गटप्रवर्तक मानधनासाठी संपावर होत्या. सकाळी सर्वेक्षण, दुपारी ऑनलाइन नोंदणी, संध्याकाळी कार्डे वाटणे, यातून उरलेल्या वेळात बाई काय काय करील, याचा विचार नवे काम सोपवण्यापूर्वी व्हायला हवा.


तालुक्याचा_दवाखाना:

मी तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षे खासगी व्यवसाय करतो. माझे मत काहींना आवडणार नाही, तरी ते मनापासून मांडतो. माझ्याकडे रक्तदाबाचे रुग्ण परत येतात, कारण मी रात्री नऊपर्यंत बसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात संध्याकाळची तपासणी वेळापत्रकात असते, पण मजूर रानातून परत येईपर्यंत ती आटोपलेली असते. दुसरे असे की, सरकारी यंत्रणा सुधारण्याची वाट पाहण्यापेक्षा विमा योजनांची व्याप्ती वाढवावी आणि रुग्णाला हवा तो दवाखाना निवडू द्यावा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत वाढवले, तसेच आणखी पुढे जाता येईल.


शेतवाट:

डॉक्टर, वेळेविषयीचे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि केरळने २०१७ नंतर 'आर्द्रम' मोहिमेत निवडक केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रे करताना सायंकाळपर्यंत बाह्यरुग्ण सेवा ठेवण्यावर भर दिला तो याच कारणासाठी. विम्याविषयी मात्र माझा अनुभव आपल्यापुढे ठेवते. आईला पक्षाघात झाल्यानंतरच्या काही उपचारांना अशी योजना लागू होऊ शकते. तिला पक्षाघात होऊ नये म्हणून रोज जी गोळी घ्यायला हवी होती, त्या गोळीला ती लागू होत नाही, कारण या योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आखलेल्या आहेत. देशातील एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता आणि २०२१-२२ पर्यंत तो ३९ टक्क्यांवर आला, ही निश्चितच चांगली गोष्ट आहे. पण माझ्या आईसारख्यांचा खर्च हा महिन्याच्या महिन्याला होणारा, पन्नास-शंभर रुपयांचा आणि वडापच्या भाड्याचा असतो, आणि तेवढ्यावरच त्यांचे उपचार थांबतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातील किमान दोन तृतीयांश रक्कम प्राथमिक सेवेवर खर्च करण्याचे म्हटले होते. २०२१-२२ मध्ये सरकारी खर्च १.८४ टक्के होता. या मर्यादित पैशातला आणखी वाटा आधी रुग्णालयांच्या बिलांकडे वळला, तर उपकेंद्राच्या कपाटात गोळ्या कोण ठेवणार, ही माझी खरी काळजी आहे.


अडयार:

मी मराठी असलो तरी वीस वर्षे चेन्नईत राहतो आणि औषध पुरवठ्याच्या क्षेत्रात काम करतो. कपाटातल्या गोळ्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. आवश्यक औषधांची मर्यादित यादी, कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने खुल्या निविदा, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, प्रत्येक तुकडीचा नमुना तपासल्यावरच वाटप, एवढीच त्याची सूत्रे आहेत. यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे पासबुक. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या नावे ठरावीक रकमेचे पासबुक असते आणि केंद्र आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलते. वरून कोणीतरी अंदाजाने पाठवलेली खोकी स्वीकारत बसावे लागत नाही. ज्या गावात रक्तदाबाचे दोनशे रुग्ण आहेत तिथे त्यांच्यापुरत्या गोळ्या मागवल्या जातात, कारण मागणी करणारा माणूस रुग्णांना ओळखत असतो. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू करताना याच धर्तीवर महामंडळ उभारले. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी कायद्याने प्राधिकरण स्थापले आहे. गोदामापासून केंद्रापर्यंतची मागणी खालून वर जावी हा आग्रह आपण सर्वांनी धरला पाहिजे.

ऑगस्ट २०२१ पासून इथे आणखी एक योजना चालू आहे. 'मक्कळै तेडी मरुत्तुवम्' असे तिचे नाव आहे, म्हणजे लोकांचा शोध घेत येणारे उपचार. स्वयंसेविका घरोघरी रक्तदाब आणि साखर मोजतात आणि ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांना गोळ्या घरपोच देतात. आपल्या आईंच्या दाराशी अशी एखादी बाई आली असती, तर चौदा महिन्यांची पोकळी पडली नसती असे मला वाटते. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचा वेगळा संचालनालयीन संवर्ग दीर्घकाळ आहे, म्हणजे गावाचे आरोग्य हेच ज्यांचे आयुष्यभराचे काम आहे असे अधिकारी आहेत, आणि या योजनेच्या मागे ती पुण्याई आहे हेही नमूद करतो.


कर्लीकाठ:

अडयार यांना पूरक माहिती. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७-१८ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. त्याची पद्धत साधी आहे. कोणत्या दाबाला कोणती गोळी आणि किती, हे राज्याने एका कागदावर ठरवून दिलेले असते, त्यामुळे डॉक्टर बदलला तरी औषध बदलत नाही. गोळ्या तीस दिवसांच्या देतात. दाब आटोक्यात आलेल्या रुग्णाने गोळ्यांसाठी केंद्रापर्यंत जाऊ नये, घराजवळच्या उपकेंद्रातच त्या मिळाव्यात, असा आग्रह असतो. प्रत्येकाचे कार्ड असते आणि ठरलेल्या तारखेला न आलेल्याची चौकशी होते. दहा दिवसांऐवजी तीस दिवसांच्या गोळ्या, एवढ्या एका बदलाने वर्षाच्या छत्तीस खेपा बारावर येतात.


जामखेड_परिसर:

आमच्या भागात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभे केले त्याची आठवण इथे करून द्यावीशी वाटते. त्यांनी निवडलेल्या गावआरोग्य सेविकांपैकी अनेक जणी निरक्षर आणि दलित कुटुंबांतल्या होत्या. त्यांना एकदाच शिकवून गावी पाठवले नाही. त्या आठवड्याला जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत, एकमेकींकडून शिकत आणि परत जात. दोघांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सेविकेचीही दुसरी भेट व्हावी लागते, तिला विचारायला आणि शिकायला जागा लागते, हे आज आशांच्या मासिक बैठका केवळ आकडे गोळा करण्यात संपून जाताना प्रकर्षाने जाणवते.


ग्रामपंचायत_सदस्य:

एक व्यावहारिक मुद्दा. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी मिळतो. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीची, म्हणजे गावकऱ्यांनीच आरोग्य सेवेवर लक्ष ठेवण्याची, प्रक्रिया काही जिल्ह्यांत चालली, तेव्हा जनसुनवाईत औषधे न मिळाल्याचे प्रश्न अधिकाऱ्यांपुढे थेट मांडले जात आणि कित्येक तेथेच सुटत. आमच्या गावात आम्ही एवढेच केले की उपकेंद्रातील गोळ्यांचा साठा दर महिन्याला फळ्यावर लिहायला लावला. सुरुवातीला सिस्टरना तो आपल्यावरचा अविश्वास वाटला. आता साठा संपत आला की त्याच आम्हांला सांगतात आणि आम्ही तालुक्याला फोन करतो.


गटप्रवर्तक_विदर्भ:

शेतवाट ताई, तुम्ही नेमके काय करता येईल असे विचारले होते, म्हणून माझ्या हद्दीत मागच्या वर्षीपासून आम्ही करतो ते सांगते. उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून दर महिन्याच्या पाच तारखेला, गेल्या महिन्यात गोळ्या न्यायला न आलेल्यांची नावे घ्यायची. पाड्याप्रमाणे ती आशांना वाटायची. आशा बाळाच्या भेटीला ज्या गल्लीत जाणार असेल त्याच गल्लीतल्या माणसाला विचारून येते, म्हणजे वेगळी खेप पडत नाही. कारण एका शब्दात लिहायचे: गावाला गेले, गोळ्या नव्हत्या, बरे वाटते म्हणून सोडल्या, चक्कर येते म्हणून सोडल्या. चक्कर लिहिलेल्यांना डॉक्टरांकडे आधी पाठवायचे. 'गोळ्या नव्हत्या' हे कारण तीन जणांचे आले की मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवते.

यासाठी आशांना वेगळा मोबदला नाही, आणि तो मिळावा ही आमची मागणी कायम आहे.


शेतवाट:

ताई, ही यादी मी वहीत उतरवून घेतली आहे. गेल्या रविवारी गावी गेले होते तेव्हा आमच्या आशाताईंशी आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलले. त्यांच्या मते आमच्या गावातून रक्तदाबाची औषधे सुरू झालेले सुमारे दीडशे जण आहेत आणि त्यातले कितीजण गेल्या महिन्यात आले हे त्यांना वही पाहून सांगावे लागेल. बुधवारी लसीकरणाचे सत्र संपल्यावर आम्ही तिघी मिळून ती वही पाहणार आहोत. आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालते, आणि त्या वहीत पहिले नाव आपलेच काढा असे तिने बजावून सांगितले आहे.